डब्ल्यू-२ वरची ४१४(एच) रक्कम: राज्याच्या रिटर्नमध्ये धरायची का?

रुईगंध | ८ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. यंदा रिटर्न पहिल्यांदाच घरी भरायला घेतलाय आणि एका आकड्यापाशी घोडं अडलंय.

मी न्यूयॉर्क राज्यात, हडसन व्हॅलीतल्या एका काउंटीच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत आहे. राज्याची ईआरएस पेन्शन (राज्य आणि स्थानिक सरकारी कर्मचाऱ्यांची योजना), टियर ६ (नोकरीला कधी लागलात त्यावरून ठरणारा गट). नवरा खासगी कंपनीत आहे आणि विमा त्याच्याकडून, त्यामुळे माझ्या पगारातून प्रीमियम कापला जात नाही. २०२४ च्या डब्ल्यू-२ वर (मालकाने दिलेल्या वार्षिक पगारपत्रकावर) असं दिसतंय:

बॉक्स १ (फेडरल करपात्र पगार): ६४,९४०
बॉक्स ३ आणि ५ (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठीचा पगार): ६८,०००
बॉक्स १४ (इतर नोंदी): ४१४एच ३,०६०
बॉक्स १६ (राज्यासाठीचा पगार): ६४,९४०

फेडरल भरून झालं. बॉक्स १४ आला की सॉफ्टवेअर विचारतं, ही रक्कम कसली? आणि खाली लांबलचक यादी. 'इतर' निवडलं तर राज्याचा रिफंड जास्त दिसतो. निवृत्तीचा पर्याय निवडला की तोच रिफंड १६८ डॉलरने खाली येतो. यातलं बरोबर कुठलं? आणि ही रक्कम करातून वगळलेली असेल, तर राज्य तिच्यावर कर का घेतंय?

कडीपत्ता | ८ फेब्रुवारी २०२५

खाली आलेला रिफंड बरोबर. राज्याचा रिटर्न फॉर्म आयटी-२०१, लाईन २१. पुढे चला.

सॅक्रामेंटोकर | ८ फेब्रुवारी २०२५

थांबा थांबा. मी स्वतः सरकारी नोकरीत आहे, माझ्याही पगारातून दर महिन्याला पेन्शनचे पैसे जातात आणि तेही ४१४(एच) खालीच. मी आजवर राज्याच्या रिटर्नमध्ये ते कधी धरलेले नाहीत. बॉक्स १ आणि बॉक्स १६ सारखेच असतात, तेच आकडे खाली उतरतात, विषय संपला. ताई, बॉक्स १४ ही फक्त माहितीसाठी असलेली जागा आहे. तिथे कंपनी काय वाट्टेल ते लिहिते. उगाच जास्तीचा कर भरू नका.

कडीपत्ता | ८ फेब्रुवारी २०२५

दादा, तुमचं नाव वाचलं. तुम्ही कॅलिफोर्नियात. त्या न्यूयॉर्कमध्ये.

अबोली_अल्बानी | ९ फेब्रुवारी २०२५

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हिटात (मोफत कर-मदत केंद्रात) स्वयंसेवक म्हणून लोकांचे रिटर्न भरून देते. हा प्रश्न तिथे शाळेतल्या, काउंटीतल्या, सुनीच्या (राज्य विद्यापीठाच्या) कॅम्पसवरच्या माणसांकडून हमखास येतो.

रुईगंध, तुमचे ३,०६० डॉलर म्हणजे ६८,००० च्या साडेचार टक्के. टियर ६ ला पगारानुसार ३ ते ६ टक्के कपात असते आणि ५५ ते ७५ हजारांच्या पट्ट्याला ४.५ लागतात, तेव्हा आकडा जुळतोय. हे पैसे खिशातून तुमच्याच जातात. पण फेडरल कायद्याच्या ४१४(एच) कलमात सरकारी मालकांसाठी एक सोय आहे: कर्मचाऱ्याचा वाटा मालकाने 'उचलला' असं जाहीर केलं, तर फेडरल आयकरापुरता तो मालकाचाच वाटा मानला जातो. म्हणून तो बॉक्स १ मध्ये येत नाही. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला ही सवलत नाही, कारण पैसे तुमच्या पगारातूनच गेलेत. म्हणून बॉक्स ३ आणि ५ मध्ये पूर्ण ६८,०००. बॉक्स ५ मधून बॉक्स १ वजा करा, बरोबर ३,०६० उरतात. तुमच्या बाबतीत दुसरी कुठली कपात नसल्यामुळे हे इतकं स्वच्छ दिसतंय. विम्याचा प्रीमियम किंवा ४५७ (सरकारी नोकरांची ऐच्छिक बचत) असतं तर वजाबाकी जुळवायला जरा डोकं खाजवावं लागलं असतं.

आता राज्य. न्यूयॉर्कचा रिटर्न फेडरलच्या उत्पन्नापासून सुरू होतो, म्हणजे ३,०६० वगळलेल्या आकड्यापासून. पण न्यूयॉर्कला ही सूट मान्य नाही. म्हणून आयटी-२०१ वर लाईन २१ ही खास ओळ ठेवली आहे: सार्वजनिक कर्मचाऱ्यांचं ४१४(एच) योगदान, जे तुमच्या डब्ल्यू-२ वर लिहिलंय, ते उत्पन्नात परत मिळवा. बॉक्स १६ वर भिस्त ठेवून चालत नाही, कारण न्यूयॉर्कमध्ये मालक बॉक्स १६ मध्ये बॉक्स १ चाच आकडा लिहितो. तुमच्या कागदावरच बघा, दोन्ही ६४,९४०. राज्याला ही रक्कम कळायची तर बॉक्स १४ मधूनच.

१६८ डॉलर आले कुठून? ३,०६० गुणिले साडेपाच टक्के, १६८.३०. तुमच्या दोघांच्या उत्पन्नाला राज्याचा ५.५ टक्क्यांचा दर लागत असणार.

आणि सॅक्रामेंटोकर, तुमच्या राज्यात कॅलपर्सचं (तिथल्या सरकारी पेन्शन योजनेचं) ४१४(एच) योगदान फेडरलप्रमाणेच राज्याच्या करातूनही वगळलेलं असतं. तुम्ही करताय ते बरोबरच आहे. फक्त ते न्यूयॉर्कला लागू नाही.

रुईगंध | ९ फेब्रुवारी २०२५

अबोलीताई, खूप आभार. आता कुठे उलगडलं. अजून दोन शंका. नवऱ्याच्या डब्ल्यू-२ वर बॉक्स १२ मध्ये 'डी' पुढे १०,००० आहेत, त्याचं ४०१(के), म्हणजे कंपनीतली निवृत्तीची बचत. त्याच न्यायाने तेही लाईन २१ मध्ये टाकायचे का? आणि बॉक्स १३ मध्ये माझ्या 'रिटायरमेंट प्लॅन' वर फुली आहे, तिचं काय करायचं?

अबोली_अल्बानी | ९ फेब्रुवारी २०२५

नाही, अजिबात नाही. ४०१(के), ४०३(बी) (शिक्षक वगैरेंची तशीच बचत), ४५७ यांपैकी काहीच लाईन २१ मध्ये जात नाही, आणि न्यूयॉर्क राज्याच्या सूचनांमध्येही हे स्पष्ट लिहिलंय. ती ओळ फक्त सरकारी पेन्शन योजनांसाठी: ईआरएस, पोलीस आणि अग्निशमन दलाची पीएफआरएस, राज्याच्या शिक्षकांची टीआरएस, न्यूयॉर्क शहराच्या पेन्शन योजना, सुनी आणि क्युनीतला (शहराच्या विद्यापीठातला) ऑप्शनल रिटायरमेंट प्रोग्रॅम. नवऱ्याच्या १०,००० वर आज ना फेडरल कर, ना न्यूयॉर्कचा.

बॉक्स १३ ची फुली फेडरलच्या कामाची. तुमच्या नावे पेन्शन योजना आहे एवढंच ती सांगते. पारंपरिक आयआरएमध्ये (वैयक्तिक निवृत्ती खात्यात) पैसे टाकून त्याची वजावट घ्यायचा विचार असेल तर ती आड येते. जॉइंट रिटर्नला २०२४ साठी ही वजावट १,२३,००० च्या पुढे कमी होत जाते आणि १,४३,००० ला संपते. तुमचं दोघांचं त्याच्या वर जात असेल असं वाटतं.

सॅक्रामेंटोकर | ९ फेब्रुवारी २०२५

ठीक, न्यूयॉर्कचा नियम मान्य. पण मला हे पटत नाही. सरकारी नोकराच्या पेन्शनवर आत्ता कर आणि खासगीतल्या ४०१(के) वर नाही? उलटा न्याय झाला हा. एकाच घरात नवऱ्याला सूट आणि बायकोला नाही.

कडीपत्ता | ९ फेब्रुवारी २०२५

नाण्याची दुसरी बाजू बघा की राव. न्यूयॉर्क राज्य किंवा तिथल्या स्थानिक सरकारांची पेन्शन हातात येते तेव्हा राज्य तिच्यावर एक पैसाही कर घेत नाही. कितीही मोठी असो. लाईन २६, पूर्ण वजावट. नवऱ्याच्या ४०१(के) ला मात्र साडेएकोणसाठ वर्षांनंतर वर्षाला २०,००० पर्यंतच सूट, त्यापुढच्या रकमेवर राज्याचा कर. रुईगंधताई नोकरीभर आपल्या वाट्यावर राज्याचा कर देणार. पण पेन्शनचा बराच भाग त्यांच्या वाट्यातून येतच नाही, तो मालकाच्या वाट्यातून आणि गुंतवणुकीच्या कमाईतून येतो, आणि त्यावरही राज्याचा कर शून्य. तोट्याचा सौदा नाही हा.

अबोली_अल्बानी | ९ फेब्रुवारी २०२५

कडीपत्तांशी सहमत. यात भर घालते. पेन्शनची ही सूट नुसत्या करकायद्यात नाही, न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत आहे. सोळाव्या अनुच्छेदाचं पाचवं कलम म्हणतं, राज्याच्या आणि स्थानिक सरकारांच्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर कर लागेल, पेन्शन सोडून. म्हणजे उद्या एखादा गव्हर्नर म्हणाला की पेन्शनवर कर लावू, तर ते विधिमंडळात साधं विधेयक आणून होणारं काम नाही.

लाईन २६ मध्ये फेडरल सरकारची पेन्शनही येते, ती का तेही गमतीचं आहे. १९८९ मध्ये मिशिगनच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याने स्वतःच्या कर्मचाऱ्यांची पेन्शन करमुक्त ठेवून फेडरलवाल्यांच्या पेन्शनवर कर घेणं चालणार नाही. मग न्यूयॉर्कनेही पोस्टातल्या आणि लष्करातल्या लोकांना तीच सूट दिली.

एडिसनची_शिक्षिका | १० फेब्रुवारी २०२५

जर्सीतून लिहितेय, कारण इथे हे वाचून कुणीतरी घोळ करेल अशी मला भीती वाटते. मी सरकारी शाळेत शिकवते. टीपीएएफला (शिक्षकांच्या पेन्शन योजनेला) साडेसात टक्के जातात. जर्सीचंही तत्त्व असंच, म्हणजे हे योगदान राज्याच्या करातून वगळलेलं नाही. पण इथे मालक बॉक्स १६ मध्येच ते धरून देतो. माझा बॉक्स १६ बॉक्स १ पेक्षा मोठा असतो. जर्सीच्या रिटर्नच्या, म्हणजे एनजे-१०४० च्या लाईन १५ वर तोच बॉक्स १६ लिहायचा. त्यात बॉक्स १४ मधली पेन्शन परत मिळवली तर त्याच पैशांवर दोनदा कर भरल्यासारखं होईल.

आमच्या बॉक्स १४ मध्ये पेन्शनखेरीज बेरोजगारी विमा, अपंगत्व विमा, कौटुंबिक रजेचा विमा असली जत्राच असते. त्या रकमांचा प्रकार सॉफ्टवेअरला बरोबर सांगा, कारण दोन मालक असतील तर त्यातली जास्त कापलेली रक्कम परत मागता येते. पेन्शनच्या ओळीला मात्र 'इतर' द्या आणि पुढे जा. आणि जर्सीवाल्यांनो, आयुष्यभराच्या डब्ल्यू-२ जपून ठेवा. निवृत्त झाल्यावर जर्सी विचारते, तुम्ही कर भरून किती पैसे घातले होते? पहिला हप्ता मिळाल्यापासून ३६ महिन्यांत तेवढी रक्कम वसूल होत असेल तर एक पद्धत, नाहीतर दुसरी. तुमचं योगदान वसूल होईपर्यंत त्यावर परत कर लागत नाही. पण आकडा माहीत हवा ना!

मीठभाकर | १० फेब्रुवारी २०२५

पेनसिल्वेनियात पण तसंच बघा. बायको शाळेत हाय, शाळेच्या पेन्शनला, पीएसईआरएसला कापत्यात. बॉक्स १६ मोठा. ३.०७ टक्के राज्याला आणि वर गावाचा कमाईवरचा कर येगळा. पर पेन्शन सुरू झाल्यावर राज्याचा कर नाय. मी तर म्हणतो आपल्या राज्याचा नियम आपण बघावा, शेजारणीचा इचारू नये.

वूस्टरवासी | १० फेब्रुवारी २०२५

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट सांगतो, कारण इथे लोक उलटी चूक करतात. वगळायचं तेही वगळत नाहीत, म्हणजे हातात येणारे पैसे सोडून देतात.

सार्वजनिक नोकरीत जुलै १९९६ नंतर लागलेल्यांना पगाराच्या ९ टक्के आणि ३०,००० च्या वरच्या भागावर आणखी २ टक्के कापले जातात. बॉक्स १६ मध्ये ते धरलेले असतात, म्हणून तो बॉक्स १ पेक्षा मोठा. मिळवायचं काही नाही. मात्र राज्याच्या रिटर्नच्या, फॉर्म १ च्या लाईन ११ वर वजावट आहे: सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर किंवा मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी निवृत्ती योजनेला भरलेली रक्कम, माणशी जास्तीत जास्त २,००० डॉलर. खासगी नोकरीवाल्याचे २,००० सोशल सिक्युरिटीतच भरतात. आमचं तसं नाही. आम्ही सोशल सिक्युरिटीत नाही, बॉक्स ३ आणि ४ रिकामे. फक्त मेडिकेअर कापला जातो.

पगार ८०,००० धरा. मेडिकेअरचे १.४५ टक्के म्हणजे १,१६०. बॉक्स १४ ला 'इतर' म्हटलंत तर सॉफ्टवेअर १,१६० वरच थांबतं. मॅसॅच्युसेट्स रिटायरमेंट असं नीट निवडलंत की बाकीचे ८४० त्यात येतात आणि २,००० ची मर्यादा भरते. ५ टक्के दराने ४२ डॉलर वाचले. डोंगर पोखरून उंदीर, पण उंदीर आपलाच आहे.

एक बातमीही सांगतो. सोशल सिक्युरिटीबाहेरच्या सरकारी नोकरांची सोशल सिक्युरिटी कापणारे दोन नियम (डब्ल्यूईपी आणि जीपीओ) ५ जानेवारी २०२५ ला सही झालेल्या कायद्याने रद्द झाले. आमच्यासारख्या ज्यांनी आधी काही वर्षं खासगीत काढली, त्यांच्यासाठी हे मोठं आहे.

सॅक्रामेंटोकर | १० फेब्रुवारी २०२५

म्हणजे एकाच कलमाखालचे पैसे. माझ्या राज्यात काहीच करायचं नाही, जर्सीत मालक आधीच मिळवून देतो, न्यूयॉर्कमध्ये स्वतः मिळवायचे आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मिळवलेल्यातून थोडे काढायचे. धन्य आहे.

अबोली_अल्बानी | १० फेब्रुवारी २०२५

म्हणूनच मी सगळ्यांना आधी बॉक्स १ आणि बॉक्स १६ शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगते. बॉक्स १६ आधीच मोठा असेल तर मालकाने काम केलेलं आहे. सारखे असतील तर राज्य कुठलं ते बघा: कॅलिफोर्निया असेल तर निवांत बसा, न्यूयॉर्क असेल तर लाईन २१. सॉफ्टवेअरला हे आपोआप कळत नाही. बॉक्स १४ मध्ये मालकाने लिहिलेली अक्षरं ठरावीक नसतात. कुणी ४१४एच लिहितं, कुणी 'रेट', कुणी टियरचा आकडा. डब्ल्यू-२ आपोआप आयात केली की सॉफ्टवेअर बऱ्याचदा त्याला 'इतर' समजून बसतं आणि ना चिं ना चूं, रिटर्न पुढे जातो.

चंदनवेल | ११ फेब्रुवारी २०२५

आणि मग राज्याचं पत्र येतं! आमच्या घरी आलं आहे. यजमान शहराच्या नोकरीत. रिटर्न एका व्यावसायिकाकडून भरून घ्यायचो, नाव सांगत नाही. तो बॉक्स १४ कडे बघायचाच नाही. पत्रात लाईन २१ ची रक्कम, त्यावरचा कर आणि व्याज, सगळं मांडलेलं. राज्याला कळतं कसं?

अबोली_अल्बानी | ११ फेब्रुवारी २०२५

न्यूयॉर्कच्या रिटर्नसोबत आयटी-२ नावाचा फॉर्म जातो, डब्ल्यू-२ ची नक्कल म्हणा ना. त्यात बॉक्स १४ च्या चार जागा आहेत, रक्कम आणि वर्णनासकट. म्हणजे तुमच्याच रिटर्नमध्ये एका पानावर ४१४एच लिहिलेलं आणि लाईन २१ कोरी. ताळा जुळत नाही हे संगणकालाही कळतं. शिवाय मालकही आपली माहिती राज्याला देतोच.

जुन्या वर्षांचं राहिलं असेल तर पत्राची वाट बघू नका. आयटी-२०१-एक्स (दुरुस्त रिटर्न) भरा, कर आणि व्याज देऊन मोकळे व्हा. उलट प्रकार झाला असेल, म्हणजे ४५७ किंवा ४०३(बी) चुकून लाईन २१ मध्ये गेलं असेल, तर त्याच फॉर्मने पैसे परत मागता येतात. साधारण तीन वर्षांची मुदत असते.

चंदनवेल, यजमान शहराच्या नोकरीत आहेत म्हणून विचारते, त्यांच्या बॉक्स १४ मध्ये 'आयआरसी१२५' अशीही नोंद असते का? न्यूयॉर्क शहराच्या कर्मचाऱ्यांच्या फ्लेक्सिबल बेनिफिटमधून विम्याचा प्रीमियम वगैरे करपूर्व जातो, त्याची ती नोंद. राज्याला तीही परत मिळवायला हवी, पण लाईन २१ मध्ये नाही, आयटी-२२५ या वेगळ्या फॉर्ममार्फत. आणि शहरात राहत असाल तर शहराचा आयकर राज्याच्या करपात्र उत्पन्नावरच निघतो, तेव्हा दोन्हीकडे फरक पडेल.

चंदनवेल | ११ फेब्रुवारी २०२५

अगोबाई, आहे खरी. त्या पत्रात मात्र तिचा उल्लेख नव्हता. बघते आता.

डेक्कनचा_चहा | १२ फेब्रुवारी २०२५

मी पुण्यातून वाचतोय. आपल्या फॉर्म १६ ची रीत आठवली. इथे एनपीएसमध्ये मालकाने घातलेला वाटा आधी पगारात मिळवून दाखवतात आणि मग ८०सीसीडी(२) खाली वजा करायचा. अमेरिकेत आधी काढून टाकतात आणि राज्य म्हणतं परत घाला. आमच्याकडे वजावट घ्यायला विसरून जास्त कर भरणारे भेटतात, तुमच्याकडे मिळवायला विसरून पत्र घेणारे. नव्या करप्रणालीत स्वतःच्या वाट्याची वजावट नाही, पण मालकाच्या वाट्याची ८०सीसीडी(२) टिकली आहे, हेही इथल्यांना फारसं ठाऊक नसतं.

माझी बहीण सुनीत वीस वर्षं शिकवून आता परत यायचं म्हणतेय. न्यूयॉर्क तिच्या पेन्शनवर इथे कर लावेल का?

कडीपत्ता | १२ फेब्रुवारी २०२५

न्यूयॉर्क तर नाहीच. न्यूयॉर्कचे रहिवासी असलात तरी लाईन २६ आहे, आणि राज्य सोडलंत तर १९९६ चा फेडरल कायदाच आहे: जो राज्यात राहत नाही त्याच्या निवृत्तीवेतनावर कुठल्याच राज्याला कर लावता येत नाही. फ्लोरिडाला जा नाहीतर कोथरूडला. उलट गंमत म्हणजे नोकरीभर लाईन २१ भरून निवृत्तीनंतर पेन्शनवर कर घेणाऱ्या राज्यात गेलात, तर न्यूयॉर्कच्या सूटीचा फायदा तिथे नाही. जिथे म्हातारपण काढायचं त्याचाही विचार आधी करावा.

अबोली_अल्बानी | १२ फेब्रुवारी २०२५

फेडरल आणि भारताचं वेगळं. आधी बहीण ईआरएस/टीआरएसमध्ये आहे की ऑप्शनल प्रोग्रॅममध्ये ते विचारा. ऑप्शनलवाल्यांना पेन्शन नसते, स्वतःचं खातं असतं, आणि लाईन २६ ची सूट सुनीतल्या नोकरीमुळे जमलेल्या भागालाच. वरून स्वतःहून ४०३(बी) मध्ये घातलेलं त्यात बसत नाही.

भारत-अमेरिका करारात सरकारी पेन्शनसाठी कलम १९ आहे. सर्वसाधारण नियम असा की जे सरकार पेन्शन देतं त्याच देशाने कर घ्यावा, पण घेणारी व्यक्ती दुसऱ्या देशाची रहिवासी आणि नागरिक दोन्ही असेल तर त्या दुसऱ्या देशाने. म्हणजे बहीण ग्रीन कार्डवर भारतीय नागरिक म्हणून परतली की अमेरिकन नागरिक होऊन ओसीआयवर, यावर उत्तर बदलतं. हे मात्र दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएकडूनच करून घ्या.

हडसनपार | १५ फेब्रुवारी २०२५

उशिरा आलो. आमचा पेच वेगळा. राहतो जर्सी सिटीत, बायको न्यूयॉर्क शहराच्या शाळेत शिक्षिका. बॉक्स १ आणि १६ सारखेच, बॉक्स १४ मध्ये ४१४एच. न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून आयटी-२०३ भरतो. तिथेही मिळवायचं का? आणि जर्सीला काय सांगायचं?

एडिसनची_शिक्षिका | १५ फेब्रुवारी २०२५

तिथेही मिळवायचं. आयटी-२०३ वरही ४१४(एच) ची तशीच ओळ आहे, फेडरल आणि न्यूयॉर्क अशा दोन रकान्यांसकट. पगार सगळा न्यूयॉर्कचाच असेल तर दोन्ही रकान्यांत पूर्ण रक्कम.

जर्सीला बॉक्स १६ जसाच्या तसा लिहू नका. तो न्यूयॉर्कच्या रीतीने लिहिलेला आहे. जर्सी पगारातून फक्त ४०१(के) वगळते, बायकोचं पेन्शन योगदान नाही. म्हणून लाईन १५ वर बॉक्स १६ अधिक ४१४एच. मग न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट जर्सीच्या एनजे-सीओजे या फॉर्मवर मागा. दोन्ही राज्यांच्या रिटर्नमध्ये त्या पगाराचा आकडा सारखा आला की क्रेडिट काढतानाही ओढाताण होत नाही. आधी न्यूयॉर्कचं पूर्ण करा, मग जर्सीचं. उलट क्रमाने केलंत तर क्रेडिटचा आकडाच हातात नसतो.

हडसनपार | १५ फेब्रुवारी २०२५

आणि बॉक्स १२ मध्ये 'ई' पुढे तिचं टीडीए (ऐच्छिक निवृत्ती बचत) आहे, ते?

एडिसनची_शिक्षिका | १५ फेब्रुवारी २०२५

'ई' म्हणजे ४०३(बी). न्यूयॉर्कच्या ४१४(एच) च्या ओळीत नाही. जर्सीच्या लाईन १५ मध्ये मात्र हो, तेही मिळवा.